राखणीच्या बंदुकीचा दस्ता

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या, माळशेज घाटाच्या पायथ्याकडच्या एका गावातून एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला. भाताच्या लोंब्या भरत आल्या होत्या. तेव्हा करपा, तुडतुडे, फार तर खोडकिडा असे काही विचारील अशी माझी अपेक्षा. पण पाहतो तो गड्याचा उजवा गाल काळानिळा पडलेला आणि वरचा ओठ फुटलेला.

"साहेब, हा डुकराचा मार न्हाय, आमच्याच बंदुकीचा हाय," तो हसत म्हणाला. पण हसतानाही त्याचा ओठ दुखत होता.

त्याच्या वडिलांची एकनळी बारा बोअरची बंदूक होती. पीक राखणीसाठी घेतलेली. वडील वारले, बंदूक जमा झाली आणि वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत दोन पावसाळे ती कोठडीत पडून राहिली. हाती आली तेव्हा दस्त्याच्या मानेला चीर गेलेली. वडिलांनी कधी काळी तिथे तांब्याची तार गुंडाळली होती, ती सैल झालेली. त्याने तार पुन्हा आवळली, रात्री माळ्यावर बसला, डुकरांचा आवाज आल्यावर हवेत एक बार काढला, आणि त्या एका बाराने गाल सुजवला. डुकरे पळाली म्हणे, पण तासाभराने परत आली. त्याचे म्हणणे एवढेच होते, की घराच्या जुन्या तुळईचा साग पडला आहे, गावचा सुतार हाताचा चांगला आहे, तर नवा दस्ता करून घेऊ का, आणि लाकूड सागाचे चालेल का?

प्रश्न साधा दिसतो. पण शहापूर, मुरबाड, अंबरनाथ आणि कल्याणच्या ग्रामीण भागात, तसेच २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा-जव्हारकडे राखणीच्या बंदुका असलेली घरे आहेत, आणि या गोष्टी कुणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख लिहीत आहे. खत-बियाण्यांवर लिहिणाऱ्या माणसाने बंदुकीवर का लिहावे, असे कुणाला वाटेल. पण पीक राखणे हासुद्धा शेतीचाच भाग आहे, आणि वाईट दस्त्याची बंदूक ही मोडक्या विळ्यापेक्षा अधिक धोक्याची असते.

आधी कायद्याचे बोलू, कारण त्या तरुणाची गाडी तिथेच अडली. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणे किंवा विकणे याचप्रमाणे ती दुरुस्त करण्यालाही परवाना लागतो. गावचा सुतार कितीही कसबी असो, त्याच्याकडे तो परवाना नसतो. दस्ता बदलणे म्हणजे दुरुस्तीच. तेव्हा उद्या काही झाले तर बंदुकीचा धनी आणि सुतार, दोघेही अडचणीत येतात, आणि या कायद्याखालच्या शिक्षा जबर आहेत. काम परवानाधारक दुरुस्तीदाराकडेच द्यावे, बंदुकीबरोबर मूळ परवाना न्यावा, आणि बंदुकीचा क्रमांक घातलेली पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नये. धातूवरचा क्रमांक आणि कारखान्याच्या खुणा यांना कानस किंवा पॉलिशपेपर लागता कामा नये, हेही कारागिराला बजावून सांगावे.

दुसरी गोष्ट शिकारीची. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ पासून आपल्या देशात हौसेची शिकार बंद होत गेली आणि आज ती पूर्ण बंद आहे. रानडुकरालाही या कायद्याचे संरक्षण आहे. तो उभ्या पिकाची नासाडी करत असेल तर कलम ११ प्रमाणे अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती आधी घ्यावी लागते. "परवान्याची बंदूक आहे, मग डुक्कर मारायला काय हरकत?" असे विचारणारे मला दर हंगामात भेटतात. बंदुकीचा परवाना वेगळा, मारण्याची परवानगी वेगळी. बार काढण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारावे, आणि नुकसान झाले असेल तर पंचनाम्यासाठी तिथेच लगेच अर्ज द्यावा.

वारसाबद्दलही एक माहिती द्यायची आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले असेल, किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. ज्या घरात म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर बंदूक आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या तरुणाच्या घरी हे कुणाला ठाऊक असते तर बंदूक दोन पावसाळे ओलीत पडली नसती.

आता मूळ विषय. बंदुकीचा दस्ता म्हणजे नुसती मूठ नव्हे. रायफलीला मागे-पुढे दोन खुणा असतात, त्या जुळवल्या की नेम लागतो. पण आपल्या बारा बोअरला नळीच्या टोकावर फक्त एक माशी असते. मागची खूण कुठली? तर नेम धरणाऱ्याचा डोळा. आणि डोळा कुठे राहणार हे गाल ठरवतो, गाल कुठे टेकणार हे दस्ता ठरवतो. म्हणजे दस्ता हीच अशा बंदुकीची मागची खूण.

याचा हिशेब कोणालाही करता येईल. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर सुमारे एक यार्ड. समोरचे लक्ष्य ४० यार्डांवर असेल तर अंतर ४० पट झाले. डोळा असायला हवा त्यापेक्षा पाव इंच वर राहिला, तर ४० यार्डांवर मारा ४० गुणिले पाव, म्हणजे १० इंच वर जातो. वनखात्याची परवानगी घेऊन बसलेल्या माणसाचा बार १० इंच चुकला तर डुक्कर जखमी होऊन झाडीत शिरते, आणि सकाळी पाण्याला निघालेल्या बायामाणसांवर तेच चाल करून येते. पाव इंचाची किंमत ही अशी असते.

दस्त्याची लांबी चापापासून त्याच्या मागच्या तोंडाच्या मध्यापर्यंत मोजतात. कारखान्यातून येणाऱ्या बंदुकांची ही लांबी बहुधा साडेतेरा ते साडेचौदा इंच असते. आपल्याकडच्या ५ फूट ४-५ इंच उंचीच्या माणसाला १३ ते साडेतेरा इंच पुष्कळ होते. जुनी रीत अशी, की कोपर काटकोनात वाकवायचे, दस्त्याचे तोंड कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचे आणि बोटाचे पहिले पेर चापावर येते का पाहायचे. ही रीत अंदाजापुरती ठीक. खरी परीक्षा खांद्याला लावून होते. बंदूक खांद्याला नीट टेकवून गाल लावल्यावर अंगठा आणि नाक यांत दोन बोटांचे अंतर हवे. आमच्या तरुणाला अर्ध्या बोटाचेही नव्हते. त्याचे वडील ठेंगणे, हा त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. बार सुटला तसा अंगठा ओठावर बसला.

माप घेताना आणखी एक गोष्ट पाहावी, आणि ती बहुतेक जण विसरतात. राखण होते आश्विन-कार्तिकात, रात्री, घोंगडी पांघरून. माप मात्र दुपारी सदऱ्यावर घेतले जाते. घोंगडीची जाडी अर्धा-पाऊण इंच सहज होते, आणि लांब दस्ता तिच्यात अडकतो. तेव्हा ज्या कपड्यात बसायचे त्याच कपड्यात, ज्या बैठकीत बसायचे त्याच बैठकीत माप घ्यावे.

लांबीनंतर उतार. नळीची वरची रेषा मागे सरळ वाढवली असे समजा. त्या रेषेपासून दस्त्याची गाल टेकायची कड साधारण दीड इंच खाली असते आणि मागची टाच दोन ते अडीच इंच. कड फार खाली असेल तर गाल टेकत नाही, मान अधांतरी राहते आणि बार सुटताना लाकूड उसळून गालावर आदळते. कड वर असेल तर डोळा वर राहतो आणि मारा वर जातो. याशिवाय उजव्या हाताच्या माणसासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकवलेला असतो, म्हणजे डोळा आपोआप नळीच्या मध्यावर येतो. घरात कुणी डावखुरा असेल तर त्याला ती बंदूक कधीच नीट लागणार नाही. कलायचीच झाली तर डावीकडे कलवून घ्यावी लागते. आणि मागचे तोंड खांद्याच्या खळग्यात सपाट बसावे, नुसते खालचे टोक टोचत असेल तर दुसऱ्या दिवशी खांदा वर होत नाही.

हे सगळे घरी तपासता येते. पण पहिले काम, बंदूक रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. काडतुसाची असेल तर उघडून पाहावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावी. ठासणीची असेल तर गज नळीत पूर्ण घालून बोटाने खूण करावी, मग तोच गज नळीला बाहेरून लावून पाहावा. खूण बुडापर्यंत पोहोचली नाही तर आत बार भरलेला आहे. मागच्या हंगामात भरून ठेवलेली आणि सगळे विसरून गेलेली ठासणीची बंदूक मी स्वतः पाहिली आहे, तीही लहान मुले खेळत असलेल्या पडवीत.

खात्री झाल्यावर भिंतीवर खडूने एक ठिपका काढावा. भिंतीपलीकडे कुणी नाही हे पाहावे. ठिपक्याकडे बघून डोळे मिटावे, मिटल्या डोळ्यांनी बंदूक खांद्याला आणि गालाला सहज वाटेल तशी लावावी, मग डोळे उघडावे. माशी ठिपक्यावर आणि नळी मध्यात दिसली तर दस्ता तुमचा. नळीचा वरचा भाग फार दिसत असेल तर कड उंच, माशीच दिसत नसेल तर कड नीच. असे दहा वेळा करावे, कारण एकदा कुणालाही जमते. घरच्या माणसाने बाजूला उभे राहून मान वाकडी होते का तेवढे सांगावे. समोर मात्र कुणीही उभे राहू नये, बंदूक रिकामी असली तरी.

पुष्कळदा नवा दस्ता लागतच नाही. कड नीच असेल तर चांभाराकडून कातड्याची पट्टी करून घ्यावी, आत नमद्याचे किंवा जुन्या घोंगडीचे पदर घालून ती दस्त्यावर वादीने बांधावी. पदर कमी-जास्त करता येतात, लाकडाला हात लागत नाही. आखूड दस्त्याला मागे रबराची गादी बसवतात, त्याने धक्काही कमी होतो. लांब असेल तर मागून कापतात. पण कापणे, स्क्रू काढून गादी बसवणे ही कामे दुरुस्तीदाराची. आणि कापायचे तर थोडे थोडे, कारण कापलेले लाकूड परत वाढत नाही.

माणसाप्रमाणे दस्ता ही गोष्ट आपल्याला नवी वाटते, पण नेमबाजीत ती मुळाक्षराची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन प्रकारांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने अशी ती स्पर्धा असते. त्या रायफलींची गालपट्टी आणि मागची टेकण दोन्ही स्क्रूने वर-खाली, मागे-पुढे करता येतात, आणि खेळाडू प्रत्येक बैठकीसाठी ती नव्याने लावून घेतात. माणूस तोच असला तरी बैठक बदलली की दस्ता बदलतो. मग बापाचा दस्ता मुलाला जसाच्या तसा कसा चालावा?

आता लाकडाचे. जगभर दस्त्याला अक्रोडाचा मान आहे, आणि आपल्या देशात काश्मीरचा अक्रोड नावाजलेला. कारण एवढेच, की ते लाकूड फार जड नाही, धक्का सोसते, बारीक काम घेते, आणि एकदा नीट वाळले की हवेप्रमाणे फारसे फुगत-आटत नाही. आपल्या बाजूला जवळचे म्हणजे शिसव. मजबूत आणि देखणे, पण जड. अर्थात जड बंदुकीचा धक्का कमी लागतो, हे राखणीला वाईट नाही, कारण आपण ती घेऊन दिवसभर डोंगर चढत नाही. साग फुगत नाही, वाळवी लागत नाही, पण तो उभा फाटतो, आणि दस्त्याच्या बारीक मानेत हा दोष नेमका नडतो. हेद बरा. शिवण हलकी आणि स्थिर, पण मऊ. आंब्याचे नाव काढू नये. धावडा आणि तिवस कुऱ्हाडीच्या दांड्याला उत्तम, पण धावडा वाळताना फार तडकतो.

बाभळीबद्दल मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका शेतकऱ्याला बाभळीचा दस्ता सुचवला होता. नांगराला चालते, गाडीच्या चाकाला चालते, मग बंदुकीला का नको, असा माझा पदवीधराचा हिशेब. दुरुस्तीला परवाना लागतो हेही तेव्हा मला नीट ठाऊक नव्हते. सुताराने सहा महिन्यांपूर्वी तोडलेले लाकूड वापरले. पावसाळा कसाबसा गेला, मार्गशीर्षाच्या कोरड्या वाऱ्यात मान फाटली. दोष बाभळीचा नव्हता, ओल्या लाकडाचा आणि माझ्या घाईचा होता.

लाकूड वाळले की नाही हे ओळखण्याची घरगुती रीत सोपी आहे. फळीची टोके शेण-माती किंवा मेणाने बंद करून ती सावलीत, वारा लागेल अशी ठेवावी आणि दर महिन्याला काट्यावर तोलावी. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष धरतात. मागच्या दस्त्याला सुमारे १८ इंच लांब, ६ इंच रुंद आणि अडीच इंच जाड तुकडा लागतो. म्हणजे दोन-अडीच वर्षांची बेगमी हवी. म्हणूनच जुन्या घराच्या तुळईचे लाकूड सोन्यासारखे. शिवाय झाड तोडायला लागत नाही. साग, खैर, आंबा, फणस, मोह अशी झाडे आपल्या मालकीच्या रानातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

फळी पाहताना सगळे लक्ष मानेकडे द्यावे. चापामागचा तो दीड इंचाचा बारीक भाग, सगळे दस्ते तिथेच मोडतात. लाकडाची रेषा मानेतून लांबीच्या दिशेने सरळ गेली पाहिजे. रेषा तिरकी होऊन मानेतून बाहेर पडत असेल तर लाकूड कितीही देखणे असो, सोडून द्यावे. मागच्या रुंद भागात नक्षी, लाटा काय हवे ते असू दे. गाठ नको, आणि बाहेरचा पांढरा साल-लाकडाचा भाग तर अजिबात नको, त्याला भुंगा लागतो.

लोखंड लाकडात बसवताना चांगला कारागीर धातूला काजळी फासतो, दाबतो आणि जिथे काळे उमटले तेवढेच खरवडतो. असे वीस-तीस वेळा. कारण धक्का लाकडाच्या एकाच कोपऱ्यावर आला तर दस्ता फाटलाच. नळीच्या मागे निघालेल्या लोखंडी शेपटीच्या टोकापाशी तो केसभर फट ठेवतो, नाहीतर प्रत्येक बाराला ती शेपटी पाचरीसारखी लाकडात घुसते. बंदूक परत घेताना ती फट आहे का पाहा. आमच्या तरुणाच्या जुन्या दस्त्याची चीर नेमकी तिथूनच सुरू झाली होती.

आपल्याकडे दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा शेवटचा हात तेलाचा. डबल बॉइल जवसाचे तेल कापडाने अगदी पातळ चोळावे, दिवसभर सुकू द्यावे, पुन्हा चोळावे, असे आठ-दहा वेळा. भुईमुगाचे, खोबऱ्याचे, करंजाचे तेल कधी सुकत नाही, नुसता चिकटा धरते. रबराच्या गादीखाली, लोखंडाखाली झाकलेले कोरे लाकूडही तेलाने बंद करून घ्यावे, ओल तिथूनच शिरते. आणि एक जपावे. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेटतात. पेंढ्याच्या घरात हा धोका मोठा. फडकी उघडी पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

लोखंडाला तेल दिल्यावर बंदूक नळी वर करून ठेवू नये. तेल झिरपून मानेचे लाकूड कुजल्यासारखे मऊ होते. चुलीवरच्या फळीवर किंवा ओल्या भिंतीला टेकून नको. कातडी पिशवीत पावसाळाभर तर मुळीच नको, ती ओल धरते. कुलपात ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात. निवडणुकीच्या वेळी छाननीत तुमची बंदूक जमा करायची ठरली तर देण्याआधी तेलाचा हात द्यावा, आणि परत घेताना आधी मान पाहावी, मग सही करावी.

त्या तरुणाच्या तुळईचे काय झाले? दुरुस्तीदाराने तुकडा पाहिला आणि परत दिला. जुन्या खिळ्यापासून बारीक चीर आत गेली होती आणि रेषाही तिरकी होती. शेवटी शिसवीचा दस्ता झाला, पाऊण इंच लांब, कड थोडी वर. माघात बंदूक घरी आली. मी वालाच्या प्लॉटसाठी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा त्याने अंगणात रिकाम्या बंदुकीने डोळे मिटून परीक्षा दाखवली. दहापैकी आठ वेळा माशी ठिपक्यावर होती. त्याची आई बाजूला उभी राहून मोजत होती.

जुना दस्ता तिने चुलीत घालू दिला नाही. गाल टेकून टेकून त्याची कड एका बाजूला गुळगुळीत झाली आहे. तो आता कोठीत बियाण्याच्या कणगीवर ठेवलेला असतो, तांब्याच्या तारेसकट.